जुन्या मोटारीचा आवाज का बसतो?

ओहोटीच्या वेळी माहुलच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर चिखलाचे विस्तीर्ण मैदान पसरलेले दिसते. हिवाळ्यात तेथे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. पाठीशी तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी असतात आणि पश्चिमेला, चिखलापलीकडे, शिवडी. याच शिवडीत १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. १९५४ मध्ये तो बंद झाला. तोवर शेव्हरोले मोटारी येथे जुळवल्या जात होत्या. माहुलच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, कुर्ल्याला, वालचंद उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. तेथून १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ, पुढे फियाट ११०० आणि १९७४ पासून तीच फियाट ‘पद्मिनी’ या नावाने बाहेर पडली. खुद्द माहुलमध्ये १९५५ मध्ये बर्मा-शेलचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तोच आज भारत पेट्रोलियमचा आहे. मुंबईच्या मोटारींचा आणि त्यांच्या पेट्रोलचा इतिहास असा एका खाडीच्या काठाने लिहिला गेला.

त्या मोटारींपैकी ज्या आज शिल्लक आहेत, त्या हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली जपल्या जातात. इंजिन सुरू होते, दिवे लागतात, रंग तर नव्याहून नवा असतो. पण हॉर्नचे बटण दाबावे तर आतून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, किंवा पडसे झालेल्या माणसासारखा घोगरा सूर निघतो. पावसाळ्यात तर हटकून. मग हॉर्न बदलला जातो. अस्सल, त्या काळचा, महत्प्रयासाने मिळवलेला हॉर्न काढून बाजारातला नवा बसवला जातो आणि महिनाभराने तोही घोगरा होतो. कारण बहुतेक वेळा दोष हॉर्नमध्ये नसतोच. वीज हॉर्नपर्यंत पोचते. पण तेथून बॅटरीकडे परतण्याची तिची वाट बुजलेली असते.

ही वाट समजून घेण्यापूर्वी हॉर्न म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. आरंभीच्या मोटारींना रबरी फुग्याचा पितळी भोंगा असे. फुगा दाबला, की हवेच्या झोताने आतली पत्ती थरथरे आणि ‘पों’ असा आवाज निघे. त्यात वीज नव्हती, त्यामुळे बिघाडही फुगा फाटण्यापुरताच. १९०८ च्या सुमारास मिलर रीझ हचिसन या अमेरिकन संशोधकाचा ‘क्लॅक्सन’ आला. त्यात छोटी विद्युत मोटर एक दातेरी चाक फिरवते आणि ते दाते धातूच्या पडद्याच्या मधोमध असलेल्या गाठीवर घासतात. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, बटण सोडले की उतरतो. ‘आऽऽ-ऊ-गा’ अशी ती आरोळी जुन्या चित्रपटांतून सर्वांच्या परिचयाची आहे. हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी श्रवणयंत्र तयार केले होते. त्यामुळे लोकांना बहिरे करून श्रवणयंत्रे खपवण्यासाठीच त्याने क्लॅक्सन काढला, अशी थट्टा सांगितली जाते.

पुढे रुजला तो विद्युतचुंबकाचा हॉर्न. शाळेच्या पुस्तकात विजेच्या घंटेचे जे चित्र असते, तेच येथे घंटेऐवजी पोलादी पडद्याला लावलेले आहे, असे समजावे. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली, की चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला जाताच आतले दोन ‘पॉइंट’ एकमेकांपासून सुटतात व वीज तुटते. पडदा मागे उसळतो, पॉइंट पुन्हा जुळतात. सेकंदाला काही शे वेळा ही ओढाताण होते आणि त्या थरथरीचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो. हॉर्नच्या पाठीला असलेला छोटा स्क्रू या पॉइंटमधील अंतर कमी-जास्त करतो. आवाज बसला की पहिला हात जातो तो या स्क्रूवर, आणि तो तेथे जाऊ नये. वीजच अपुरी मिळत असेल, तर स्क्रू फिरवून मूळची जुळणी मात्र बिघडते.

एक बाजू ओरडते, दुसरी पेटते

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, मोटारीत एकच दिसते. दुसऱ्या तारेचे काम गाडीचा पोलादी सांगाडा करतो. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने चासीला जोडलेले असते. यालाच ‘अर्थिंग’ म्हणतात. जमिनीशी तिचा काही संबंध नसतो. परतीची वीज अवघ्या गाडीच्या अंगातून बॅटरीकडे येते, एवढाच त्याचा अर्थ.

हॉर्नचे बटण सहसा परतीच्या बाजूला असते. दिव्याच्या बटणाने वीज दिव्याकडे जाण्यापूर्वी अडवली जाते. हॉर्नमध्ये मात्र वीज आधी हॉर्नपर्यंत येऊन थांबलेली असते आणि बटण तिला चासीकडे जाण्याची वाट करून देते. याला कारण स्टीअरिंग. बटण फिरत्या चाकाच्या मधोमध असते. तेथे दोन तारा नेणे अवघड, म्हणून एकच तार पोकळ दांड्यातून वर नेतात आणि बटण दाबले की तिचे टोक दांड्याच्या धातूला टेकते. युक्ती सुटसुटीत आहे, पण तिचे परिणाम लक्षात घ्यायला हवेत.

हॉर्नपासून बटणाकडे जाणारी तार दांड्यात घासून सोलली गेली, तर ती आपणहून चासीला टेकते आणि हॉर्न वाजू लागतो. वळण घेताना जुनी गाडी अचानक भोंगा फुंकू लागते, ती यामुळे. यात लाज वाटते, धोका फारसा नसतो. कारण वीज हॉर्नमधूनच येत असल्याने तिच्यावर मर्यादा असते. बॅटरीपासून हॉर्नकडे येणारी तार सोलली गेली, तर मात्र गोष्ट वेगळी. मध्ये अडवणारे काहीच नसल्याने बॅटरीची सारी ताकद त्या तारेतून वाहते, तार तापून लाल होते आणि तिच्यावरचे वेष्टन पेट घेते. अनेक जुन्या गाड्यांत ही तार किल्ली काढल्यावरही जिवंत राहते आणि काहींत तिला फ्यूजही नसतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या मोटारीत रबरावर सुती विणीचे वेष्टन असलेल्या तारा असतात. रबर सुकून पापुद्रे सुटलेले, सुतात दमट हवेचे पाणी मुरलेले. शेजारीच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी. हॉर्नच्या वायरिंगकडे दुर्लक्ष का करू नये, याचे उत्तर आवाजात नसून येथे आहे.

तीन गाड्या, तीन तऱ्हा

माहुलच्या परिसरात जन्मलेल्या तीन गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर एकाच कामाच्या तीन रीती दिसतात. शिवडीची शेव्हरोले सहा व्होल्टची; तिचे निगेटिव्ह टोक चासीला. कुर्ल्याची सुरुवातीची प्लिमथ किंवा डॉजही सहा व्होल्टची, पण तिचे पॉझिटिव्ह टोक चासीला. फियाट बारा व्होल्टची आणि पुन्हा निगेटिव्ह अर्थिंगची. फोर्डची १९२८ ते १९३१ या काळातली प्रसिद्ध ‘मॉडेल ए’ प्लिमथच्या पंक्तीत बसते: सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थिंग आणि मोटरचा ‘आऊगा’ हॉर्न.

हॉर्नला स्वतःला या उलटसुलटीचे सोयरसुतक नसते. चुंबकातून वीज कोणत्याही दिशेने गेली तरी तो पडद्याला ओढणारच. वेटोळ्यांच्या चुंबकांवर चालणारी मोटरही, जोडणी उलटली तरी त्याच दिशेने फिरते, कारण आतले आणि बाहेरचे दोन्ही चुंबक एकदमच उलटतात. फरक पडतो तो माणसाला. ‘काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढा’ हा आजच्या गाड्यांवर शिकलेला धडा प्लिमथवर गिरवला, तर नेमके जिवंत टोक आधी उघडले जाते. तेव्हा पाना चुकून बॉनेटच्या कडेला टेकला, की ठिणग्यांचा वर्षाव. खरा नियम असा, की चासीला जोडलेले टोक आधी काढावे व शेवटी लावावे, मग ते निगेटिव्ह असो वा पॉझिटिव्ह.

सहा आणि बारा यांतला फरक मात्र हॉर्नलाही जाणवतो, आणि तो दुपटीपेक्षा मोठा आहे. समजा, हॉर्नला साठ वॅट शक्ती लागते. सहा व्होल्टच्या गाडीत त्यासाठी दहा अँपिअर वाहतील, बाराच्या गाडीत पाच. शाळेतला ओहमचा नियम लावला, तर पहिल्या हॉर्नचा रोध ०.६ ओहम आणि दुसऱ्याचा २.४ ओहम ठरतो. आता वाटेत एखादा गंजका सांधा आहे आणि त्याचा रोध आहे फक्त ०.१ ओहम. सहाच्या गाडीत तो सांधा एकूण व्होल्टेजचा सातवा हिस्सा गिळतो. बाराच्या गाडीत जेमतेम पंचविसावा. असे तीन सांधे मिळून ०.३ ओहम झाले, की सहाच्या गाडीतल्या हॉर्नला सहाऐवजी चारच व्होल्ट मिळतात. हिशेब स्थूल आहे, कारण हॉर्नमधली वीज सतत तुटत-जुळत असते. पण जुन्या अमेरिकन गाड्यांचा आवाज फियाटच्या आधी का बसतो, ते त्यातून कळते.

खाडीची हवा

सांधे गंजण्यासाठी माहुलइतकी ‘अनुकूल’ जागा मुंबईतही शोधावी लागेल. खाडीवरून येणारा वारा मीठ आणतो, चिखलाची ओल बारमाही असते आणि चार महिने पाऊस. लोखंडी बोल्ट आणि तांब्याची पट्टी यांच्या मध्ये खारट ओलावा साचला, की तेथे एक इवलीशी बॅटरीच तयार होते व लोखंड झिजू लागते. त्यात हवेतले गंधकयुक्त वायू. देवघरातली चांदीची निरांजने काळी पडतात ती अशा वायूंच्या अंशामुळे. हॉर्नच्या आणि बटणाच्या पॉइंटवरही तोच काळा थर बसतो. माहुल आणि अंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये नमूद केले होते. माणसांच्या फुफ्फुसांपुढे मोटारीच्या पॉइंटची कथा ती काय. पण हवा तीच.

दोष शोधताना म्हणूनच क्रम महत्त्वाचा. हॉर्न गाडीतून काढून, पेट्रोलपासून दूर, योग्य व्होल्टच्या बॅटरीला दोन जाड तारांनी थेट जोडावा. खणखणीत वाजला, तर तो निर्दोष आहे. त्याच्या स्क्रूला हात लावण्याचे कारण नाही. मग गाडीत परत बसवून, बटण दाबलेले असताना, मल्टिमीटरने दोन मापे घ्यावीत: बॅटरीच्या जिवंत टोकापासून हॉर्नच्या जिवंत टोकापर्यंत किती व्होल्ट हरवतात, आणि हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून बॅटरीच्या अर्थिंगपर्यंत किती. सहा व्होल्टच्या गाडीत कोणत्याही एका बाजूला अर्धा व्होल्ट हरवत असेल, तर त्या बाजूचा एकेक सांधा तपासावा. बहुधा ती परतीचीच बाजू निघते.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हे माप क्वचितच घेतले जाते. तेथे छोटा दिवा लावून पाहतात. दिवा लागला, की ‘करंट येतोय, हॉर्न गेला’ असा निकाल. हा निकाल अन्यायाचा आहे. तीन वॅटचा दिवा अर्धाच अँपिअर घेतो. ज्या सांध्यांत हॉर्नचे दोन व्होल्ट बुडतात, तेथे त्याचे ०.१५ व्होल्टही बुडत नाहीत. तो झगझगीत लागतो आणि चांगला हॉर्न भंगारात जातो.

परतीच्या वाटेवरचा सर्वांत फसवा अडथळा गंज नसून रंग असतो. गाडी नव्याने रंगवून घेतली आणि हॉर्न गेला, ही तक्रार नित्याची आहे. रंगारी मन लावून काम करतो, बोल्टच्या खालची जागाही गुळगुळीत करून तीन हात देतो आणि रंग विजेला अडवतो. हॉर्नच्या पट्टीखालचा, अर्थिंगच्या बोल्टखालचा रुपयाएवढा भाग घासून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. स्टीअरिंगच्या दांड्याची गोष्टही अशीच. तो ग्रीसमधल्या बेअरिंगवर फिरतो, काही गाड्यांत मध्ये रबरी किंवा कापडी जोडही असतो. म्हणजे बटणाने वीज दांड्यापर्यंत आणली, तरी तेथून चासीकडे जायला खात्रीची वाट नसते. तांब्याच्या विणलेल्या पट्टीने दांड्याचे आवरण चासीला जोडले, तर निम्मे रोग बरे होतात. जोड आडवा येत असेल, तर पट्टी त्याच्या दोन्ही अंगांना पोचली पाहिजे.

तार बदलायची वेळ आली, तर जाडीत कंजुषी नको. सहा व्होल्टच्या गाडीत हॉर्नला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालावी, बारा व्होल्टला अडीचची पुरते. टोकांना थिंबल लावून डाग द्यावा. तार पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत खाडीच्या हवेत एक पावसाळा टिकते. जुने रूप राखायचे असल्यास आजच्या वेष्टनाची तार आणि तिच्यावर सुती विणीची नळी, अशी सोय करता येते. फ्यूज मूळ गाडीत नसला, तरी बॅटरीच्या जवळ तो घालावाच. दहा अँपिअरच्या हॉर्नला पंधराचा फ्यूज ठीक. त्याने गाडीचे अस्सलपण भंगते म्हणणाऱ्यांनी जळालेल्या गाडीचे अस्सलपण किती, याचाही विचार करावा.

रिले घालावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद असतात. रिले म्हणजे हलक्या विजेने जड वीज चालू करणारे चुंबकी बटण. तो असला, की दांड्यातल्या बारीक तारेतून आणि जुन्या बटणातून जेमतेम पाव-अर्धा अँपिअर वाहतो. हॉर्नचा भार जाड तारेने परस्पर जातो. पुढच्या काळातल्या अनेक गाड्यांत कारखान्यातूनच तो येई. ज्यांत नव्हता, त्यांत दोन हॉर्न असतील तर तो बसवणे शहाणपणाचे. मात्र सहाच्या गाडीला सहाचाच रिले हवा. गाडीच बारा व्होल्टची करून टाकण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने हॉर्नचा प्रश्न सुटत नाही. जुना हॉर्न दुप्पट व्होल्टेजवर काही दिवस किंचाळतो आणि मग आतले वेटोळे जळते. चांगले सांधे आणि जाड तारा असतील, तर सहा व्होल्ट पुरतात.

अस्सलपणाला आता कायद्याचेही महत्त्व आले आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकींना त्यांत ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठेवण्यात आले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे. या हिशेबाने १९७४ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि एखाद्या कुटुंबाच्या आवारात उभी असलेली खासगी फियाट मात्र आता ‘व्हिंटेज’ ठरू शकते. अशा कुटुंबांना फ्यूज, तार, रिले यांची चिंता नाही. हे फेरफार त्या अर्थाने मोठे नाहीत.

हॉर्न मात्र हवाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम गाडीला पुरेसा इशारा देणारा हॉर्न सक्तीचा करतो आणि त्याच वेळी लागोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या किंवा कर्कश हॉर्नला मनाई करतो. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शांतता क्षेत्रात तो वाजवायचा नसतो. सिग्नलला थांबूनही हॉर्न वाजवणाऱ्या मुंबईकरांना धडा देण्यासाठी, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजणारी यंत्रणा मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये लोकांपुढे आणली होती. जुन्या गाडीला आवाजाची गरज असते ती एवढ्यासाठी, की तिचे ब्रेक आजच्या गाडीइतके चपळ नसतात. अचानक समोर आलेल्या दुचाकीस्वाराला सावध करण्यासाठी तिच्याजवळ त्या घटकेला हॉर्नखेरीज फारसे काही नसते.

दुरुस्त झालेला हॉर्न टिकवायचा, तर वर्षातून दोनदा लक्ष घालावे लागते. मे महिन्यात, पावसापूर्वी, अर्थिंगचे बोल्ट सोडून, घासून, व्हॅसलीन लावून पुन्हा आवळावेत आणि फ्यूजची टोके पुसावीत. मोटरचा हॉर्न असल्यास त्याचे कार्बन किती उरले आहेत ते पाहावे, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त दिले तर ते कार्बनवर उतरते. दुसरी वेळ दसऱ्याची. त्या दिवशी गाडी न्हाऊमाखू घातली जाते, आणि नळीचा फवारा थेट जाळीतून आत सोडला जातो. हॉर्नचे तोंड किंचित खाली कललेले असेल, तर पाणी आपोआप निघून जाते; वर असेल, तर कर्णा वाटीसारखा भरतो, पडदा आतून गंजतो आणि झेंडूचा हार घातलेली गाडी दिवाळीत पुन्हा नुसता ‘टक्’ असा आवाज करते.